उतारांचे लांब फोटो

आई घाबरली की स्वयंपाक जास्त करायची. आमच्या घरात नवस बोलायची सोय नव्हती. मागे बुद्धविहार, पुढे रेल्वेचे रूळ आणि मध्ये आमच्या दोन खोल्या. गंडेदोरे, अंगारे-धुपारे आईने केव्हाच सोडून दिले होते. शेजारच्या बायका नवरा गावाला निघाला की देवापुढे नारळ ठेवायच्या, आई चूल पेटवायची. त्यामुळे अण्णा आज कुठे जाणार आहेत हे मला अंथरुणात पडल्या पडल्या वासावरून कळायचं. एखाद्या शाळेच्या मैदानावर जायचं असेल तर बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पाण्याच्या टाकीवर नाहीतर एखाद्या इमारतीच्या गच्चीवर चढायचं असेल तर सोबत मटकीची उसळ आणि वरून गुळाचा खडा. आणि सणवार काही नसताना डब्यावर डबा चढून पुरण शिजायला लागलं, जायफळाचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला, की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. कारण अण्णा जिथे जायचे तिथे मलाही जावं लागायचं, आणि मी अख्ख्या कॉलनीत भित्री भागूबाई म्हणून प्रसिद्ध होते. पालीला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, रेल्वेच्या पुलावरून जाताना फळ्यांच्या फटीतून खालचे रूळ दिसायचे त्याला भ्यायचे. आजही जिन्यावर मी कठडा धरून चालते. माझी सून म्हणते, गुडघ्यांमुळे. मी तिला तसं समजू देते.

अण्णा फोटोग्राफर होते. स्टेशनजवळ एका गाळ्यात त्यांचा स्टुडिओ होता, पण तिथे बसून लग्नाळू मुलींचे आणि नोकरीच्या अर्जांचे फोटो काढण्यात त्यांचा जीव रमत नसे. त्यांचं नाव होतं ते लांब फोटोंसाठी. एका फोटोत न मावणारं दृश्य तुकड्यातुकड्यांनी काढायचं आणि मग ते तुकडे शेजारी शेजारी चिकटवून भिंतीवर लावण्याजोगं एकच लांबलचक चित्र करायचं. अख्खी शाळा शिक्षकांसकट, साखर कारखान्याचं आवार, गोदाकाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन तुकडे जिथे मिळतात त्याला अण्णा ‘जोड’ म्हणायचे, आणि जोड दिसला की तो फोटो त्यांच्या दृष्टीने वाया गेला. आता माझी भाची मोबाइल हातात धरून स्वतःभोवती एक गिरकी घेते आणि लांब फोटो तयार होतो. ती गिरकी घेताना हसत असते. आम्ही लांब फोटो काढताना कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

त्याचं कारण अण्णांचा कॅमेरा. तो डोळ्याला लावायचा नव्हता, पोटाशी धरायचा होता. वरचं झाकण उघडलं की आत एक चौकोनी काच, आणि मान खाली घालून त्या काचेत बघायचं. पण काचेत डावं ते उजवं दिसे. माणूस वळायचा एकीकडे आणि काचेतलं झाड पळायचं भलतीकडेच. म्हणून मागे एक माणूस लागायचा, खूण सांगायला. आधी ते काम आई करायची, मग तिच्या शाळेच्या नोकरीमुळे माझ्याकडे आलं. मी अण्णांच्या मागे उभं राहून समोर बघायचं आणि पुढच्या जोडाला जे यायला हवं त्याचं नाव घ्यायचं. “चिंचेचं झाड.” अण्णा मान खालीच ठेवून पावलं जागच्या जागी सरकवत वळायचे, झाड काचेच्या कडेला आलं की म्हणायचे, “आलं.” खटका दाबायचे, गुंडी फिरवून रीळ पुढे सरकवायचे आणि थांबायचे. मी पुढची खूण सांगायची. “पत्र्याची शेड.” “आली.” खट. मान वर होईपर्यंत मी खूण आणि फार तर ‘अर्धं पाऊल पुढे’ याशिवाय दुसरा शब्द बोलायचा नाही आणि त्यांनी ‘आलं’, ‘आली’शिवाय. मध्ये बोललं की पाऊल हलतं, पाऊल हललं की जोड बिघडतो, असं अण्णांचं म्हणणं. या नियमाचा मला फार धाक होता.

त्या वर्षी मी कॉलेजात होते. शहरात एका शेठनी नवं लॉज बांधायला घेतलं होतं, आणि त्याच्या दिवाणखान्याची एक मोठी भिंत फोटोंसाठी रिकामी ठेवली होती. ते आमच्या घरी आले, आईच्या हातचा चहा बशीत ओतून प्याले आणि बोटं मोजत म्हणाले, “माणूस नाशकात उतरतो कसा? नदीने उतरतो, डोंगराने उतरतो. आणि माझं लॉज झालं की विमानानेही उतरेल. मला तिन्ही उतारांचे लांब फोटो पाहिजेत, मास्तर. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपणच उतरतोय.”

“होईल,” अण्णा म्हणाले. अण्णा कुठल्याही कामाला ‘होईल’च म्हणत.

आईने विचारलं, “डोंगर कुठला?”

“बघू अजून.”

आई उठली आणि आत जाऊन तिने हरभऱ्याची डाळ भिजत घातली. शेठना वाटलं, पाहुणचार चाललाय.

पहिला उतार नदीचा, गोदाकाठच्या सायखेड्याचा. पूल झाला असला तरी पलीकडच्या मळ्यातली माणसं अजून नावेनेच येत, आणि बाजाराच्या दिवशी घाटावर नाव लागली की टोपल्या, शेळ्या, सायकली असं सगळं एकदम उतरे. पाऊस ओसरला होता पण नदी अजून गढूळ, दोन्ही काठ भरून चाललेली. अण्णांना नाव समोरून हवी होती. म्हणजे घाटावरून नव्हे, पाण्यातून. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायऱ्या उतरत गेले, मग दुमडलेली पँटही पाण्यात गेली, आणि मांड्यांपर्यंत पाण्यात उभं राहून त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. मी त्यांच्या मागे, दोन पायऱ्या वर. माझ्या पायाखाली शेवाळ होतं आणि माझं सगळं लक्ष त्या शेवाळावर होतं.

“पलीकडचं बाभळीचं झाड,” मी म्हटलं. “आलं.” खट. “नावेचं टोक.” “आलं.” खट. “लाल लुगडं.” “आलं.” माणसं उतरत होती, शेळी ओरडत होती, कुणीतरी अण्णांकडे बघून “ओ मास्तर, मासं धरताय का?” असं म्हणून हसलं. मी पुढची खूण सांगितली, “खालची पायरी.” घाट जिथे वळतो तिथली, तुटक्या कोपऱ्याची, चांगली ओळखू येणारी पायरी होती ती. मी आधीच हेरून ठेवली होती.

अण्णा वळले. बोलले नाहीत.

“खालची पायरी,” मी परत म्हटलं.

“दिसत नाही.”

मी बघितलं. पायरी नव्हती. तिच्या जागी पाणी होतं, गुळगुळीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच. वरून धरणाचं पाणी सोडलं होतं म्हणे, ते आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की अण्णांच्या सदऱ्याचा खिसा भिजलाय. पाणी खिशापर्यंत आलं होतं आणि कॅमेरा त्यांनी हनुवटीपर्यंत उचलून धरला होता, मान तशीच काचेत. माझ्या तोंडून हाक निघायला हवी होती, पण नियम असा अंगात मुरलेला की जीभ हलेना. मागून नावाडी ओरडला, “ए बाबा, वर ये, पानी चढतंय, दिसंना का तुला?” अण्णांनी हाताने मला खूण केली, पुढचं सांग. आणि मी सांगितलं. “पिंपळाचा पार.” “आला.” खट. मग नावाड्याने त्यांची कॉलर धरून त्यांना पायऱ्यांवर ओढून आणलं. ते नीट उभे राहिले, कॅमेरा कोरडा असल्याची खात्री केली आणि नावाड्याला म्हणाले, “एकच जोड राहिला होता हो.”

तो फोटो झाला सुरेख. पण नीट बघितलं तर त्यात प्रत्येक जोडाला पाणी थोडं थोडं वर चढलेलं आहे. डावीकडे पायरी दिसते आणि उजवीकडे तीच पायरी बुडालेली. लॉजमध्ये येणारी माणसं त्याच्यापुढे उभी राहून नदी किती शांत आहे असं म्हणायची, आणि मला तिथून निघून जावंसं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी आई अण्णांचा सदरा धुवायला बसली. खिशात बोट घातलं तर गाळ. तिने खिसा उलटा केला, तो गाळ मोरीच्या कडेला बोटाने पुसला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. अण्णा स्टुडिओत गेले होते. “शैले, इकडे ये,” ती म्हणाली. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. पण तिने आवाज अगदी खाली आणला. “डोंगराला तू बरोबर असशील. त्यांना कडेला एकटं सोडायचं नाही. आणि ते थांबले तर ओरडू नकोस.”

“थांबले म्हणजे?”

“थांबले की कळेल तुला.”

“आई, सांग ना नीट.”

“नीट सांगितलं तर तू जाणार नाहीस,” आई म्हणाली आणि सदरा पिळायला लागली.

हे ऐकल्यापासून दिवाळी गेली, थंडी पडली, तरी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. अण्णांना मी कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. गच्चीच्या कठड्यावर ते असे उभे राहत की खालून बघणाऱ्या बाया तोंडाला पदर लावत. मला वाटायचं, घरातली भीती सगळी आईने आणि मी वाटून घेतली आहे, अण्णांच्या वाटणीला ती आलीच नाही.

डोंगर ठरला हरिहर, त्र्यंबकच्या पलीकडचा. ज्याने तो पाहिलाय त्याला सांगायला नको. कातळाचा सरळ उभा कडा आणि त्यात खोदलेल्या पायऱ्या, शिडी टेकवून ठेवावी तशा. पायरीला दोन्ही बाजूंना खाचा, हात घालायला. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तोंड खडकाकडेच ठेवायचं. वरच्या पठारावर गवत कापायला गेलेल्या बाया भारे घेऊन त्याच पायऱ्यांनी उतरतात असं अण्णांनी ऐकलं होतं, आणि शेठच्या डोंगराच्या उतारासाठी त्यांना तेच हवं होतं. पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. आईने दिलेला डबा इतका जड होता की कंडक्टरने विचारलं, लग्नाला चाललात का. मी आतला वास घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पायऱ्या मी रडत चढले, हे सांगायला मला काही वाटत नाही. नाक खडकाला घासत होतं आणि एकेका खाचेत बोटं रुतवत मी वर सरकत होते. अण्णा माझ्या पुढे. ते सारखे बोलत होते. उन्हाबद्दल, सावलीबद्दल, कुठल्या वेळी कातळ कसा दिसतो त्याबद्दल. मला वाटलं, काय हा माणूस, इथेही उन्हाचंच बोलतोय. आज मला त्या बोलण्याचा अर्थ वेगळा लागतो. पायऱ्या संपल्या की एक छोटा दरवाजा आणि पुढे कड्याच्या पोटातून खोदलेली वाट. डोक्यावर कातळ, म्हणून वाकून चालायचं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. त्या वाटेच्या एका वळणावर कातळाची फळी बाहेर निघाली होती, जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी. तिथून मागे वळून बघितलं तर सगळा जिना बाजूने दिसे, वरून खालपर्यंत, आणि त्याच्या पलीकडे दरी, वैतरणेचं पाणी आणि एकामागे एक डोंगर. अण्णा मान काचेत घालून त्या फळीवर गेले. मी वाटेवर भिंतीला पाठ चिकटवून उभी राहिले.

बाया उतरायला लागल्या होत्या. डोक्यावर गवताचे भारे, हात खाचांत, पाय न बघता बरोबर पायरीवर. मी खुणा सांगत गेले. डोंगराची सोंड. आली. वैतरणेचं पाणी. आलं. दरवाज्याची कमान. पहिला भारा. दुसरा भारा. अण्णांचा आवाज घरी असल्यासारखा होता. रीळ संपलं. अण्णांनी मान वर केली.

आणि ते थांबले.

आधी मला कळलंच नाही. मला वाटलं, बघताहेत. कॅमेरा गळ्यात लोंबत होता, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, पालथे, जसे पाण्यावर ठेवावेत. मग त्यांच्या पँटचा एक पाय थरथरताना दिसला. वारा नव्हता.

“अण्णा, चला.”

काही नाही.

“अण्णा.”

“शैला,” ते म्हणाले, “डोंगर हलतोय.”

“नाही हलत, अण्णा.”

“हलतोय. बघ ना.” आणि ते पुढे झुकले, अगदी थोडे, हलणाऱ्या डोंगराबरोबर तोल सांभाळायला झुकावं तसे.

असं वाटलं की माझ्या पायांखालची वाटही सरकतेय. हात लांब केला असता तर त्यांचा सदरा माझ्या बोटांना लागला असता. मी तो केलाही. तेवढ्यात वरून वाकत वाकत एक बाई आली, भारा पुढे ढकलत, पायात काही नाही. पुढची वाट अडलेली बघून ती थांबली. “काय झालं वं बाबाला? भवळ आली का?” मी मान हलवली. तिने माझ्या लांब केलेल्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “धरू नको, बाई. गडी जड हाय. धरशील तर दोघं बी जाशाल.” मग तिने भारा वाटेवर ठेवला आणि भिंतीला टेकून उकिडवी बसली. तिलाही आता काही सुचत नव्हतं हे मला दिसलं, आणि ते दिसणं फार वाईट होतं.

ओरडू नकोस, आईने सांगितलं होतं. काय कर ते सांगितलं नव्हतं. डोक्यात काही येत नव्हतं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून तेच निघतं जे रोज निघतं. कड्याच्या फटीत एक उंबर उगवलेलं होतं, जिन्याच्या अलीकडे.

“उंबराचं झाड,” मी म्हटलं.

फार वेळ काही झालं नाही. मग अण्णांचे पालथे हात हळूहळू पोटाकडे आले. कॅमेरा सापडला. मान खाली गेली, काचेत. पँटचा पाय अजून थरथरत होता. पावलं जागच्या जागी, बोटभर, अजून बोटभर सरकली.

“आलं,” ते म्हणाले. खट.

“काळी भेग.” ही उंबराच्या अलीकडची होती, भिंतीतली.

“आली.” खट.

“पिवळा डाग.”

“आला.”

दरीकडचं तोंड आता भिंतीकडे फिरलं होतं. मी प्रत्येक खूण आधीच्यापेक्षा जवळची शोधत होते आणि मनात धास्ती होती की खुणा संपतील. “गवताचा भारा,” मी म्हटलं. बाईने श्वास रोखून धरला. अण्णा वळले, आता ते माझ्याकडे तोंड करून होते, मान खाली, पाठीमागे सगळी मोकळी दरी. “आला.” खट. आता पाऊल हवं होतं. नुसतं वळून भागणार नव्हतं. मी म्हटलं, “भारा कापला जातोय. अर्धं पाऊल पुढे.” जोड बिघडू नये म्हणून मी असं अनेकदा सांगितलेलं होतं. अण्णांनी अर्धं पाऊल घेतलं. “अजून अर्धं.” घेतलं. टाच फळीवर, चवडा वाटेवर.

“पुढची खूण सांग,” अण्णा म्हणाले.

त्यांच्यापुढे आता माझ्याशिवाय काही नव्हतं.

“मी,” मी म्हटलं.

“आलीस,” ते म्हणाले. खट. आणि ते वाटेवर आले. बाईने त्यांचा खांदा धरून त्यांना भिंतीकडे दाबलं आणि खाली बसवलं. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “फोटू निघाला ना चांगला?” मी हो म्हटलं.

जिन्यावरून आम्ही कसे उतरलो ते सांगण्यासारखं नाही. मी खाली, अण्णा माझ्या वर, आणि प्रत्येक पायरीला मी ‘खाच’ म्हणायचे आणि ते ‘आली’ म्हणायचे. मी रडत नव्हते. भीती तेवढीच होती, किंबहुना जास्तच, पण रडायला मोकळं तोंड नव्हतं.

खाली झाडाखाली बसून आम्ही डबा उघडला. पुरणपोळीचा तुकडा अण्णांच्या हातातून दोनदा पडला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मग ते म्हणाले, “रीळ संपलं होतं.”

“हो,” मी म्हटलं. “मला माहीत होतं.”

“मला पण. उंबराच्या झाडालाच गुंडी सैल फिरली.”

“मग?”

“मग काय? तू खूण सांगत होतीस.” त्यांनी पोळीवरची माती फुंकली. “काचेत बघितलं की मला काही होत नाही. काच बाजूला झाली की होतं. लहानपणापासून.” आणि मग, चारचौघांत न सांगण्यासारखं काहीतरी सांगावं तसं, “तुझ्या आईला माहीत आहे.”

घरी आल्यावर आईने रिकामा डबा हातात घेऊन मला विचारलं, “थांबले का?” मी हो म्हटल्यावर ती पाटावर बसली. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं पांडवलेण्याला गेली होती, तिथल्या साध्या पायऱ्यांवर हा माणूस बसला तो उठेना. आईने त्यांना एकेक पायरी बसत बसत खाली आणलं होतं, आणि बघणाऱ्यांना सांगितलं होतं, पाय मुरगळलाय. तेव्हापासून तो पाय घरात सगळ्यांसाठी मुरगळलेलाच होता. “माझ्या मेलीच्या डोक्यात खुणांचं कधी आलं नाही,” आई म्हणाली. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

तिसरा उतार उन्हाळ्यात आला. शेठच्या मुंबईच्या एका दोस्ताकडे चार खुर्च्यांचं छोटं विमान होतं. तो ते घेऊन येणार, नाशिकवर एक फेरी मारणार आणि उतरणार. उतरताना आतून लांब फोटो काढायचा. परवानग्यांचं शेठनी बघितलं होतं. शहराबाहेरच्या धावपट्टीवर आम्ही जीपने गेलो तेव्हा विमान आधीच येऊन उभं होतं, आणि मला ते एखाद्या खेळण्याएवढं वाटलं. त्या सकाळी आमच्या घरात कसलाच वास नव्हता. आई चुलीपुढे बसली होती पण तिने ती पेटवली नव्हती.

शेठ म्हणाले, “या मास्तर, पुढची खुर्ची तुमची.”

अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि वैमानिक, शेठ, शेठचा मुनीम, जीपवाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मला उंचीची भीती वाटते. मी वर जाणार नाही. शैला जाईल.”

शेठना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांच्या लक्षात आलं. “अहो, तुम्ही भिता म्हणून पोरीला पाठवता?”

“तीही भिते,” अण्णा म्हणाले. “पण भ्याली तरी तिचं काम थांबत नाही. माझं थांबतं.” आणि त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. मुनीम हसू लागला तो थांबला नाही. अण्णांची मान खाली गेली नाही, हे मी बघितलं.

वर काय झालं ते विचारू नये. उघड्या खिडकीतून वारा तोंडावर आदळत होता आणि आवाज इतका की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. खाली गोदावरी सुतळीएवढी, द्राक्षाचे मळे, रूळ, चामरलेण्याचा डोंगर उताणा पडलेला. काच मला वाकडी दिसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. मागे खूण सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी ओरडून स्वतःलाच सांगत होते. रेल्वेचा पूल. आला. विटांची भट्टी. आली. वैमानिकाला वाटलं असणार, पोरीला वेड लागलं. मग जमीन तिरकी झाली, मोठी झाली आणि सरळ आमच्या अंगावर यायला लागली. धावपट्टीचं टोक. आलं. एकदा आदळलो, परत उचललो गेलो, परत आदळलो. मेलोच, असं मला अगदी स्पष्ट वाटलं, आणि तेव्हाही बोट खटक्यावर होतं. तिन्ही फोटोंत हाच सगळ्यात वाईट. जोड न् जोड दिसतो. लॉज पाडलं तेव्हा तो मी मागून आणला.

दार उघडल्यावर मी उतरले आणि तिथेच गवतावर बसले. जीपवाल्याने मला मागाहून सांगितलं की विमान हवेत असेपर्यंत अण्णा धावपट्टीकडे पाठ करून उभे होते आणि दर थोड्या वेळाने त्याला विचारत होते, “दिसतंय का अजून?” ते माझ्याकडे आले. ऊन कसं होतं, जोड कसे आले, त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि शेजारी जो उभा होता त्याच्या, म्हणजे मुनिमाच्या, हातात देऊन टाकला. त्या कॅमेऱ्याला आईनेसुद्धा कधी विचारल्याशिवाय हात लावलेला नव्हता. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

शेठ जीपने सोडतो म्हणाले. अण्णा नको म्हणाले, आम्ही बसने जाऊ. नाशिकरोडच्या बसमध्ये गर्दी नव्हती. मी खिडकीशी, अण्णा माझ्या शेजारी, माझं मनगट त्यांच्या उजव्या हातात. त्यांचा हात थंडगार होता आणि पकड अशी की बोटांना मुंग्या आल्या. कंडक्टर तिकिटाला आला. पैसे उजव्या खिशात. अण्णांनी डावा हात पोटावरून वळवून त्या खिशात घालायचा प्रयत्न केला, जमेना, परत केला. कंडक्टर बघत होता.

“बाबा, हात सोडा की पोरीचा,” तो म्हणाला. “चालत्या गाडीतून कुठे पळून जातेय ती?”

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. “तूच घे रे खिशातले,” ते म्हणाले.

कंडक्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं, तिकिटांची पेटी काखेत मारली आणि वाकून अण्णांच्या खिशातून पैसे काढून घेतले.